जिव्हाळ्याच्या कार्डावरची सही

सन्माननीय अध्यक्ष महाराज, व्यासपीठावरील मंडळाचे सदस्य, सत्कारमूर्ती बाई, त्यांचे कुटुंबीय आणि शब्दकोश कार्यालयातील सहकारी मित्रहो,

आज बाई निवृत्त होत आहेत. मुख्य संपादक या नात्याने मला दोन शब्द बोलायचे आहेत. दोनच बोललेले बरे. तिसरा त्या खोडतात.

आपल्याकडची रीत नव्या मंडळींसाठी सांगतो. एका शब्दाला एक कार्ड. लिहिणारा लिहितो, तपासणारा खाली सही करतो; पुढे चूक निघाली, तर जबाबदारी सही करणाऱ्याची. सहीशिवाय कार्ड छापखान्यात जात नाही. बाईंची आणखी एक अट असे: शब्द ज्यांच्या रोजच्या कामातला, त्यांना आधी विचारायचं.

सोळा वर्षांपूर्वी माझ्याकडे ‘जिव्हाळा’ आला. मी लिहिलं, ‘जिव्हा म्हणजे जीभ, त्यावरून, गोड बोलणे.’ कार्ड परत आलं.

“अहो, गोड तर दुकानदारही बोलतो. विहीर खणणाऱ्याला विचारलंत का?”

“बाई, एका शब्दासाठी विहिरीत उतरू?”

“उतरू नका. काठावरून हाक मारा.”

आमचे शिपाईमामा तेव्हा म्हणाले, “साहेब, जाऊन या. नाहीतर हे कार्ड तुमच्याबरोबरच रिटायर होईल.”

मी गेलो नाही. त्याच आठवड्यात बाईंचे यजमान इस्पितळात होते. छापखाना घाई करत होता. कार्डावर बाईंची सही मी केली.

होय, मी केली. अध्यक्ष महाराज, हे कार्यक्रमपत्रिकेत नाही, याची मला कल्पना आहे.

खंड छापून आला. ‘जिव्हाळ्या’चा अर्थ चुकल्याच्या तक्रारी आल्या. मंडळाने बाईंपुढे कार्ड ठेवलं. त्यांनी ते बराच वेळ पाहिलं आणि त्या म्हणाल्या, “सही माझी आहे.” बाहेर आल्यावर मला एवढंच म्हणाल्या, “माझी सही इतकी सुबक नसते. बसा, पुढचा शब्द घ्या.”

मुख्य संपादकपदाची पाळी त्यांची होती. त्या चुकीमुळे ते पद मला मिळालं. मी ते घेतलं. कुणी विचारलं नाही, मी बोललो नाही. अशा गप्प बसण्याला काय म्हणतात, ते मी कोशात शोधलेलं नाही.

गेल्या महिन्यात मात्र मी एका विहिरीच्या काठावर गेलो. खणणारा म्हणाला, “खडक फुटून आतून जिवंत पाणी आलं, की जिव्हाळा लागला म्हणायचं.” शब्द जिवापासून आला आहे. जिभेचा त्यात काही संबंध नाही.

दुरुस्तीचं कार्ड आणि त्या सहीविषयीचं माझं निवेदन मी आज सकाळी मंडळाकडे दिलं आहे. मंडळ ठरवेल ते मला मान्य आहे.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बाईंच्या घरच्यांचेही आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, तर सभेने क्षमा करावी.

बाई, तुमच्याकडे मी क्षमा मागतो. ती दिलीच पाहिजे, असं नाही.