धाकटीला कधी बोलवावं?

चेरीला बहर आला की क्योटोतल्या बसला थांबे दिसेनासे होतात. आताही एक खचाखच भरलेली बस रांगेच्या नाकासमोरून निघून गेली. चिझुरूला कामावर उशीर होत होता, पण तिचे कान पुढच्या दोन आज्ज्यांकडे लागले होते.

"फुसाए, तुझी साप्पोरोची बहीण येणार होती ना गं?"

"विचारतेय खरी, कधी येऊ म्हणून. आत्ता नको म्हटलं. ही जत्रा बघतेस ना?"

"मग उन्हाळ्यात?"

"उकडून मरेल बिचारी."

"बरं, शरदात. लाल पानं बघायला."

"पानं कमी आणि माणसंच जास्त!"

"अगं, मग सरळ सांग ना, येऊच नको म्हणून."

"क्योटोची बाई सरळ सांगते होय कधी? फेब्रुवारीत ये म्हटलंय."

"फेब्रुवारीत? ना फूल, ना पान! आणि तुझ्या घरात तर पाय गोठतात."

"म्हणूनच तर! साप्पोरोत बर्फ बाहेर असतो, घरं मात्र उबदार. इथे आली की कुडकुडत कोतात्सूच्या गरम टेबलाखाली, रजईत पाय घालेल आणि दिवसभर उठायचं नाव घेणार नाही."

"मग ती बघणार काय, कपाळ?"

"मला बघेल! दर खेपेला तिने देवळं बघितली, फुलं बघितली, आणि मी मागून चालत तिची पाठ बघितली. आता समोर बसून संत्री सोलू दे."

"मीही येईन हं."

"ये की. पण तिला 'चल, फिरून येऊ' म्हणालीस तर याद राख!"