बाबीकाकांनी मीठ सोडलं
ब्लड प्रेशरचं काय सांगताय, आमच्या बाबीकाकांचं ऐका. तेव्हा ते तपासायला आचऱ्याहून मालवणला जावं लागे. डॉक्टरांनी दम भरला, "मीठ सोडा, नाहीतर अंगावरून वारं जाईल!" काकांनी घाबरून त्याच दिवशी सोडलं. महिन्याने बघतात तर प्रेशर आणखी चढलेलं.

"जेवता काय तुम्ही?" डॉक्टरांनी विचारलं.

"पेज. तेच्यात कणभर मीठ नाय. पण आळणी पेज घशाखाली उतरणा नाय, म्हणून तोंडाक लावूक तीन खारे बांगडे भाजून घेतंय."

"अहो, महिनोन् महिने मिठात मुरलेले ते बांगडे! प्रेशर चढणार नाही तर काय?"

काका शांतपणे म्हणाले, "मीठ बांगड्यान खाल्ल्यान, डॉक्टरानू. प्रेशर तेचा तपासा!"