कोचबाईंनी सोडलं नाही

बर्नाडीन गेल्याची बातमी सकाळी अलाबामाच्या रेडिओवर लागली. आमच्या कॉलेजात पोरांना अमेरिकन फुटबॉल, म्हणजे चेंडू हातात धरून पळायचा खेळ, शिकवणारी ती पहिली बाई, आणि सदतीस वर्षं माझी बायको. भेटायला येणाऱ्यांसाठी केक आणायला मी बेकरीच्या रांगेत उभा होतो. पुढे तिचे दोन जुने खेळाडू होते. ते मला ओळखत नव्हते. एकाच्या काखेत लांबट चेंडू होता.

"लेम्युएल, आज तरी तो घरी ठेवायचास!"

"कोचबाईंनी कुठं सांगितलंय ठेव म्हणून?"

"अरे, फायनलला तुझ्या हातून सुटला त्याला एकतीस वर्षं झाली!"

"ज्याच्या हातून सुटेल, त्यानं त्या सांगेपर्यंत जवळ बाळगायचा. वर्गात, जेवताना, झोपताना."

"बाकीच्यांना आठवड्यात सोडायच्या."

"त्या आठवड्यात माझं कॉलेजच संपलं."

"मग नंतर जाऊन विचारायचंस, गाढवा."

"गेलो होतो की, लग्नाचं बोलावणं द्यायला. म्हणाल्या, बायकोला तरी नीट सांभाळ. चेंडूचं नावच काढलं नाही."

"तू काढायचंस."

"त्यांच्यासमोर? तू काढलं असतंस?"

"नाही बुवा."

"एकदा 'बास' म्हणाल्या असत्या, तर बरं वाटलं असतं रे."

लेम्युएल मागे वळला.

"काका, तुम्ही ओळखत होता त्यांना?"

"थोडंफार."

"मग तुम्हीच सांगा, ठेवू का आता खाली?"

"तिला न विचारता मी घरातली खुर्चीसुद्धा हलवली नाही, बाबा."

मी कोण ते ओळखून दोघांनी मला रांगेत पुढं केलं. लेम्युएलनं चेंडू आणखी घट्ट धरला.

केक घेऊन आम्ही तिघं घरी आलो. चेंडू खाली ठेव, असं त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही.