टेकण्याचा नाच

…नाही नाही, वळून बघायचं नाही, समोर बघा, खिडकीकडे. पाठीला पाठ लागली ना, झालं तर मग, तेवढंच काम आहे तुमचं. बोलायचं मी. ही इथली पद्धतच आहे — नवं माणूस आलं की जुन्यांपैकी कुणीतरी त्याच्या पाठीला पाठ लावून बसायचं आणि काहीबाही बोलत राहायचं, नव्याने नुसतं ऐकायचं, तेही कानाने कमी आणि पाठीने जास्त. आवाज पाठीतून येतो, कळतंय? घरघर होतेय ना? ती मीच. मग ताई सगळ्यांना गोलात बोलावतात — ताई म्हणजे इथल्या शिकवणाऱ्या, वयाने माझ्या मुलाएवढ्या, पण सगळे ताईच म्हणतो — आणि तुम्हाला विचारतात, यांच्या पाठीत काय ऐकलंत. मी काय बोलले ते नाही हं सांगायचं, पाठ कशी होती ते सांगायचं. ऊबदार होती, ताठ होती, घाबरली होती, काय वाटेल ते. मागे एक गृहस्थ माझ्यापाशी बसले होते, ते म्हणाले, यांना भूक लागलीय. आणि खरंच लागली होती हो, सकाळपासून पोटात काही नव्हतं.

टेका. अजून टेका, मी काही मोडत नाही. तुम्ही आपलं अर्धं वजन स्वतःजवळ ठेवून घेतलंय, पाहुण्यांच्या घरी खुर्चीच्या कडेवर बसतात तसं. सगळे आधी असेच बसतात. मीही बसायचे. मी इथे आले ती नाचायला नाही — मी पडदे शिवते, हे समोरचे पडदे माझेच, ते लावायला आले होते. शिडीवर उभी राहून कड्या अडकवतेय आणि खाली ही एवढी मोठी माणसं एकमेकांच्या अंगावर रेलतायत, लोळतायत, कुणी कुणाच्या पाठीवरून घरंगळतंय. मला वाटलं, डोकं फिरलंय यांचं. पण पडदे लावून झाले तरी मी शिडीवरून उतरेना. नाव याचं लांबलचक, कॉन्टॅक्ट इम्प्रोव्हायझेशन, माझी तर जीभ वळत नाही, मी आपली टेकण्याचा नाच म्हणते. गाणं नाही, पावलं नाहीत. जिथे अंगाला अंग लागेल तिथून पुढे काय होईल ते होऊ द्यायचं, बस. नको असेल तर बाजूला व्हायचं, कुणी का म्हणून विचारत नाही. जाड माणूस चालतो, म्हातारं चालतं, एक बाई तर चाकाच्या खुर्चीवरून येतात. पण ताईंचा एकच हट्ट — हा नाच आयुष्यभर पुरला पाहिजे. म्हणून गोलात बसलं की आधी प्रत्येकाने सांगायचं, आज कुठे दुखतंय. गुडघा म्हटलं की त्या दिवशी गुडघ्याला जपून नाच. कुणी हसत नाही, कुणी घरी बसा म्हणत नाही. चांगलंच आहे ते. मी म्हणते, काही नाही, ठणठणीत. दर वेळी तेच म्हणते.

का? म्हणजे तुम्ही नाही विचारलंत, तुम्ही विचारायचंच नाहीये — पण पाठ हलली तुमची. आता त्या निळ्या चटईवर केस बांधतेय ना, ती माझी सून. मान वळवू नका, काचेत दिसेल बघा. मी इथे यायला लागले आणि महिन्याभरात तीही यायला लागली, म्हणाली, आई, तुमच्या चेहऱ्यावर काहीतरी वेगळंच दिसतंय, मलाही बघू दे. वाईट नाही हो ती. वाईट असती तर सोपं होतं. वाईट सुनेपासून माणूस लपवतं आणि त्याचं काही वाटत नाही.

आमचे हे अंथरुणाला आहेत. उजवी बाजू गेली, बोलणंही अर्धंमुर्धं. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून पलंगावर, मोरीत, परत पलंगावर — सगळं मीच करते. आधी हातांनी उचलायचे आणि रात्री कमरेला शेकत पडायचे. इथे येऊन शिकले, हातांनी उचलायचंच नाही, आपण खाली जायचं, कंबर त्यांच्याखाली न्यायची आणि त्यांना आपल्यावर येऊ द्यायचं. खोटं नाही सांगत, एवढे मोठे हे, पण अलगद यायचे. मुलगा बघायला आला की मी मुद्दाम त्याच्यासमोर करून दाखवायचे. कारण त्याने मला सांगून ठेवलंय — आई, ज्या दिवशी तुला बाबांना उचलणं झेपणार नाही, त्या दिवशी आपण त्यांना रुग्णांच्या सेवाकेंद्रात ठेवायचं, मग वाद नको. मी हो म्हटलं. म्हणायला काय जातंय, तेव्हा मी धडधाकट होते.

मग पंधरा-वीस दिवसांपूर्वी यांचा पाय चादरीत अडकला. माझ्या पाठीवर होते, तिथून बाजूला सटकले. ताई काय सांगतात, पडणाऱ्याला धरून ठेवू नका, त्याच्याबरोबर खाली जा, खांदा सोडा, लोळा, आणि काहीही झालं तरी हात जमिनीवर टेकवू नका. पहिल्या दिवशीचा धडा आहे हा, तुम्हालाही आज शिकवतील. मी सगळं बरोबर केलं. धरलं नाही, सोडलं नाही, त्यांच्याबरोबर खाली गेले. आणि शेवटच्या क्षणी वाटलं, यांचं डोकं आपटेल — आणि टेकवला हात. डावा. खांद्यात काहीतरी फाटल्यासारखं झालं, जाड पडदा फाटतो ना, तसं.

यांना काही झालं नाही. माझ्या छातीवर पडले होते आडवे. मी म्हटलं, उठवते हं, थांबा. तर हसायला लागले. आजारपणानंतर मी त्यांना हसताना पाहिलंच नव्हतं हो, हसणंही गेलंच असं धरून चालले होते. आणि म्हणाले, राहू दे. दोनच शब्द, पण नीट, लख्ख. मग आम्ही राहिलो तसेच, फरशीवर, खांद्यातून कळा येतायत आणि मला उठायचं नाहीये. त्यांना रोज उचलते, पुसते, कपडे घालते — पण अंगावर अंग टाकून नुसतं पडून राहणं, ते कुठे असतं आता. मला त्यांना कुठेही पाठवायचं नाहीये. हे मी तुम्हाला का सांगतेय, कुणास ठाऊक.

आता रोज उजव्या हातावर भागवते. मशिनवर कापड सरकवायलासुद्धा डावा उठत नाही. काल यांना खुर्चीत घेताना डोळ्यांपुढे अंधारी आली. उद्याचं उद्या बघू, असं म्हणतेय. डॉक्टरकडे गेले तर मुलाला कळणार, गोलात सांगितलं तर सुनेला कळणार. म्हणून म्हणते, ताईंनी विचारलं की सांगा, पाठ चांगली होती, ऊबदार होती. खोटं नाही ते. डावीकडचं नका सांगू. मघाशी तुम्ही टेकलात आणि मी दचकले, ते कळलंय तुम्हाला, मलाही कळलं तुम्हाला कळलंय ते. तेव्हापासून तुम्ही डावीकडून वजन काढून घेतलंय. हळूच, पण काढलंयत. नवे असून चांगलं येतं हो तुम्हाला.

अहो, हे काय, तुम्ही टेकायचं, मी नाही. मला नका घेऊ पाठीवर. मी जड आहे. मी कुणावर — थांबा. बरं. थोडा वेळ. … थोडाच वेळ हं.

बोलावलं वाटतं. तुम्ही व्हा पुढे, मला उठायला जरा वेळ लागतो. हात नको, मी येते भिंतीला धरून. — अगं, तू कशाला आलीस? काही नाही, या नव्यांना समजावत होते, जुन्या गप्पा. चल, तू जाऊन बस, आलेच मी. डोळे? झोप नाही झाली गं. अगं ओढू नको, मी उठते माझी मी — डावा नको. डावा नको धरू.

…

उजवा धर. सावकाश.

तुम्ही जा हो गोलात. तुम्हाला आता काही लपवायला नको.