चैतालीबेनची अमेरिका

...आणि वर मलाच विचारतात, सर, तुम्हाला आनंद नाही का झाला? झाला की! का नाही होणार? धडा मी शिकवायचा, घसा मी बसवायचा, आणि परवा-परवा नोकरीला लागलेल्या चैतालीबेननं येऊन टाळ्या घेऊन जायच्या, तर माणसाला आनंदच व्हायला पाहिजे... तुम्हाला सांगतो, मी जळत नाही. आपला स्वभावच नाही तो. पोटात जरा आग पडते, ती पित्ताची.

आता मुळातून सांगतो, तुम्हीच ठरवा. आमची शाळा बमरोलीला, गुजराती मुलखात, पण मराठी माध्यमाची. पोरं सगळी आमच्या खानदेशातून कापडाच्या लूमवर नि मिलात कामाला आलेल्यांची, मीही शहाद्याकडचाच, निंबासर म्हणतात मला, आणि आठवीचा इतिहास-भूगोल इतकी वर्षं माझ्याकडे. त्यात अमेरिकेचा धडा आहे. कोलंबस येतो, मग इंग्रजांच्या तेरा वसाहती होतात, मग बोस्टनच्या बंदरात चहाच्या पेट्या बुडवतात, मग लढाई, मग स्वातंत्र्य. मी कसा शिकवतो? फळ्यावर खडूनं नकाशा. तो तुम्ही बघायला पाहिजे... फ्लोरिडा मी एका झटक्यात काढतो, खडू न उचलता! मग धडा वाचायचा, खाली रेघ मारायची, पाठ करायचं. पोरं झोपायची, नाही म्हणत नाही. पण शिस्तीत झोपायची.

तर आमच्या अनुसयाबेन, म्हणजे आचार्या, शाळेच्या मुख्य, एक दिवस मला बोलावून अगदी साखरेत घोळून म्हणतात, "निंबाभाई, धडा तुमचा झालाय, उजळणी चैतालीबेनला घेऊ द्या ना. नवीन आहे, हात बसेल तिचा. शेवटच्या दिवशी मी येऊन बघते. पुढच्या वर्षी आठवी कोणाला द्यायची तेही ठरवायचंय." कोणाला द्यायची? अहो, आठवी काय वाटेवर पडलीय? माझी आठवी ती! पण बरं म्हटलं. रांधायचं आपण आणि वाढायला दुसरी, आणि जेवणारे म्हणणार वाढपीण किती गोड... तरी मी जळत नाही हं.

दुसऱ्या दिवशी मी शेजारच्या वर्गात सातवीला शिकवतोय तर आठवीतून असा गलका, की बाजूचं लूमखातं भिंत फोडून आत आलं की काय! धावत गेलो. बघतो तर बाकं भिंतीला लावलेली आणि मधे जमिनीवर अख्खी अमेरिका मांडलेली. अ‍ॅपलेशियन पर्वत म्हणून चिंध्यांची गाठोडी. आणि मिसिसिपी नदी कशाची? साडीच्या लेसची! निळी, चमचमती! आमच्याकडे घरोघरी बाया साड्यांना लेस लावतात, टिकल्या चिकटवतात, पोरांनी उरलेले तुकडे आणले नि हिनं नदी वाहवली. आता मला सांगा, हे मला का नाही सुचलं? माझ्या घरात लेस नाही? आमच्या रंजनाच्या पलंगाखाली लेसच लेस आहे, दहा मिसिसिप्या निघतील! पण माझं डोकं कुठे होतं? फ्लोरिडात!

आणि खेळ काय, तर तेरा बाकं म्हणजे तेरा वसाहती. चैतालीबेन प्रश्न टाकणार, ज्याला येतं त्यानं उभं राहायचं, जो पहिला उभा राहील त्याची पाळी. तो ललित, ज्याला माझ्या तासाला हलवून जागा करावा लागायचा, तो व्हर्जिनिया होऊन बाकाच्या टोकावर बसलेला, टाच उचलून, डोळे हे एवढे! माझ्यासाठी कधी उघडले होते का रे एवढे?

मी दारात पाऊल टाकलं आणि काय झालं... सर आले म्हटल्यावर पोरं काय करणार? शिस्तच आहे तशी, मीच लावलेली. सगळा वर्ग धाडकन उभा. "नमस्तेऽऽ सऽऽर!" झालं, तेरा वसाहती एकदम उभ्या! पहिलं कोण उभं राहिलं? व्हर्जिनिया म्हणते मी, जॉर्जिया म्हणते मी, इकडे न्यूयॉर्कनं मॅसॅच्युसेट्सची वेणी ओढली... खेळ बंद. आणि चैतालीबेन काय म्हणाली? "या ना सर." हसून! चिडली असती तर बरं वाटलं असतं हो. माणसानं एवढं चांगलं असूच नये, शेजारच्याला त्रास होतो.

आणि इथे, तुम्हाला सांगतो, माझ्या डोक्यात किडा वळवळला. म्हटलं, अरे! आपण नुसतं दारात उभं राहिलं की अमेरिका बंद पडते!

मग काय... मला डस्टर लागायला लागलं. मग खडू. मग चष्मा विसरला की काय इथे. भर थंडीत जाऊन विचारलं, माझी छत्री राहिली का बघा जरा. दर वेळी धाडकन सगळे उभे, नमस्तेऽऽ सर, आणि खेळाचा विचका. आणि ती दर वेळी, "या ना सर." घरी रंजनाला सांगितलं तर ती तिच्या अहिराणीत काय म्हणते, "ती पोरगीवर काबरं जळी राह्यनात ओ?" मी म्हटलं, जळत नाही, छत्री शोधत होतो. तर म्हणे, छत्री दाराच्या मागे आहे, पंधरवडा झाला.

तर आला तो शेवटचा दिवस. अनुसयाबेन आत खुर्चीवर बसलेल्या. मी सातवीला नकाशात रंग भरायला लावले आणि बाहेर कान देऊन उभा. म्हटलं, एकदा, फक्त एकदाच जायचं. ऐन शेवटच्या प्रश्नाला. मग बघू आठवी कोणाला मिळते ते! आतून तिचा आवाज आला, "स्वातंत्र्य मिळालं तेव्हा नव्या देशाची पश्चिमेची हद्द कोणती नदी होती?" हा माझा प्रश्न हो! घसा फोडफोडून पाठ करून घेतलाय मी तो! शर्ट सारखा केला आणि गेलो आत.

बघतो तर अख्खा वर्ग आधीच उभा! मी दारात पोचायच्या आत! ऊर भरून आला, खोटं कशाला बोलू. म्हटलं, निंबा, शेवटी वर्षानुवर्षं लावलेलं वळण ते, लेस-बिस लावून जात नाही. पोरं तुझीच आहेत. आणि मग... मग सवयीनं, अगदी प्रेमानं, हात खाली करून जे रोज म्हणतो तेच म्हणालो.

"बसा."

धप्पकन सगळा वर्ग बसला. आणि चैतालीबेननं तोंडावर हात ठेवला.

मला काही कळेना. दाराजवळच्या बाकावरची चंचल हळूच म्हणते, "सर, नियम बदललाय. तुम्ही सारखे येता आणि आम्ही उभे राहतो, म्हणून बेननं उलटं केलं. आता सगळ्यांनी आधीच उभं राहायचं. ज्याला उत्तर येतं तो बसतो."

म्हणजे? म्हणजे माझ्या एका शब्दानं अख्खी आठवी उत्तर येतंय म्हणून बसली! अनुसयाबेन खुर्चीत पुढे सरकल्या. "सगळ्यांना येतंय? सांगा बघू." आणि पोरांनी एका सुरात, माझ्याच सुरात, मी शिकवलेला तोच हेल काढून, "मिऽसिसिपीऽऽ!" भिंती हादरल्या. अनुसयाबेन बसल्याबसल्याच टाळ्या वाजवत म्हणाल्या, "एकही मूल मागे नाही! वाह, चैतालीबेन! आठवी तुमची!"

तिला आठवी दिली ती मी दिली हो! माझ्या तोंडानं! आणि ती बाई माझ्याकडे बघून खरंच मनापासून म्हणते, थँक्यू सर. आता हिच्यावर जळायचं तरी कसं... जळत नाहीच म्हणा मी.

पण तेवढ्यात काय झालं, टाळ्या थांबल्या आणि सगळा वर्ग वळून माझ्याकडे बघायला लागला. ललित तर तोंड दाबून हसतोय. मी इकडे बघतो, तिकडे बघतो... आणि लक्षात आलं. अख्ख्या अमेरिकेत, उत्तर न येणारा म्हणून, एकटा मीच उभा होतो.

ललितनं सरकून जागा केली. बसलो.