शिट्टीनंतरचा आवाज

अमेरिकेत, ॲन आर्बरच्या हॉस्पिटलात मी एक्स-रेसाठी नंबराची वाट बघत बसले होते. पाठीमागच्या खुर्च्यांवर एक जोडपं मराठीत भांडत होतं. इथं आपली भाषा कुणाला कळणार, या भरवशावर.

“पंधरा यार्डांची पेनल्टी दिली, आपल्या कुशलला मॅचमधून काढलं, वर पुढची मॅचही बंद. आता काय फाशी देणार का पोराला?”

“ज्याला त्यानं पाडलं तो आत झोपलाय, भूषण. त्याला पाय हलवता येत नाहीयेत.”

“अमेरिकन फुटबॉल आहे. लागतंच.”

“शिट्टी वाजून प्ले संपला होता. तो मुलगा पाठमोरा उभा होता.”

“कुशलला शिट्टी ऐकूच आली नाही. मी अपील करतोय. मी अख्खा व्हिडिओ काढलाय, आत्ताच कोचला पाठवतो.”

“आवाज लावून बघितलास तो?”

“कशाला?”

“मी पार्किंगमध्ये तुझ्या फोनवर तीनदा बघितला. आधी शिट्टी वाजते. कुशल थांबतो.”

“मग?”

“मग तुझा आवाज येतो. ‘सोडू नकोस त्याला, आडवा कर!’ आणि कुशल पुन्हा धावतो. पाठव ना आता.”

“कोचला मराठी कुठं कळतंय?”

“घरी मराठीत काही सांगितलं तर ‘व्हॉट?’ म्हणतो तुझा मुलगा. हे मात्र पहिल्या हाकेला कळलं त्याला.”