हीच खोली आज घ्यायची तर

सन्माननीय अध्यक्षबाई, व्यासपीठावरील पाहुणे, रुग्णालयाच्या धुलाईघरातल्या माझ्या सहकारी भगिनींनो आणि बंधूंनो, आणि पहिल्या रांगेत अवघडून बसलेल्या आजच्या सत्कारमूर्ती, आपल्या पाहणीताई,

ताईंनी मला बजावलंय, "कौतुक आटोपतं घ्या, नाहीतर मी उठून चहा वाटायला लागेन." म्हणून कौतुक थोडं, कबुली जास्त.

कुटुंबाचा महिना निघायला किती लागतं, याची पाहणी आपली संघटना पगाराच्या बोलणीसाठी दरवर्षी करते. ताई दारोदार फिरतात, मी टेबलाशी बसून त्यांचे तक्ते तपासतो. गेल्या वर्षी 'खोलीचं भाडं किती?' या छापील प्रश्नाखाली त्यांनी पेन्सिलीनं लिहिलं, 'हीच खोली आज घ्यायची तर किती?' मी नियमाचा पक्का. सगळं खोडरबरानं पुसलं.

ताईंनी विचारलं, "दादा, तुम्ही आहात त्या घरात किती वर्षं झाली?"

"एकोणीस."

"तरीच तुम्हाला शहर स्वस्त वाटतं."

तुम्ही हसताय. मला तेव्हा हसू आलं नव्हतं. कारण त्याच आठवड्यात आपल्या इस्त्रीवालीला घरमालकानं खोली सोडायला सांगितली होती. माझ्या आकड्यावर पगार ठरला असता, तर आजच्या भाड्याची खोली तिला परवडली नसती आणि लेकीला बहिणीकडे ठेवण्यावाचून गत्यंतर उरलं नसतं.

मग रिकाम्या खोल्यांचं आजचं भाडं विचारत मी ताईंबरोबर अकरा दारं फिरलो. एका मालकानं माझे बूट पाहून तिथल्या तिथे भाडं वाढवलं. ताई म्हणाल्या, "हे राहायला नाही आले, शिकायला आलेत."

पगाराच्या बोलणीत व्यवस्थापनाचे हिशेबनीस म्हणाले, "भाडं फुगवलंय." ताईंनी पत्त्यांची यादी पुढे सरकवली. "साहेब, यातली एक खोली तुमच्या आकड्यात मिळवून द्या. आत्ताच फोन लावा." साहेबांनी तीन फोन केले. चौथा केला नाही.

पगार वाढला. रुग्णालयामागची बंद पडलेली कर्मचारी-घरं बेताच्या भाड्यानं उघडली. पहिली किल्ली इस्त्रीवालीला मिळाली. मायलेकी आज तिसऱ्या रांगेत शेजारी शेजारी बसल्या आहेत.

ताईंचं ते पेन्सिलीचं लिखाण मी नियमापोटी पुसलं, की माझं भाडं कमी होतं म्हणून? खरं सांगतो, अजून ठरवता येत नाही.

ताई, उद्यापासून दारोदार मी जाणार आहे. तुमचे आणि या सभागृहाचे मनापासून आभार. बोलण्यात कुणाचा उल्लेख राहिला असेल तर पोटात घाला. पाहणीत कुणाचं घर राहिलं, तर मात्र मला सोडू नका.